पितृपक्षातला मेळावा

पितृपक्षात मंगल कार्यालयं रिकामी असतात, ही गोष्ट आम्हा पाच जणांच्या फार उपयोगाची होती. त्या पंधरवड्यात कुणी लग्न करत नाही, मुंज करत नाही, साधा साखरपुडाही ठेवत नाही. आगाशीजवळच्या एका लहानशा कार्यालयाचे व्यवस्थापक पहिल्या वर्षी मला म्हणाले होते, "या दिवसांत हॉल मागायला आलेले तुम्हीच पहिले. कुणाचं वर्षश्राद्ध वगैरे आहे का?"

"नाही, मेळावा आहे."

"कसला?"

मी जरा अडखळून म्हणालो, "विज्ञान मंडळाचा."

ते खोटं होतं. आम्ही एका परदेशी अंतराळमालिकेचे आणि तिच्यावरच्या चित्रकथांचे वेडे होतो. वर्षातून एक दिवस त्या पात्रांचे वेष चढवून एकमेकांसमोर वावरावं, एवढीच आमची इच्छा होती. त्यासाठी चार भिंती आणि आतून कडी लागेल असं दार पुरे होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिशी ओलांडली होती. अंधेरीच्या एका कंपनीत नकाशे काढायचो आणि बोळिंजला आईवडिलांबरोबर राहायचो. आता मुंबईत अशा मेळाव्यांना मोठमोठे हॉल भरतात आणि आईबाप मुलांना वेष शिवून देतात. तेव्हा माझ्या कपाटात चित्रकथांचे गठ्ठे सापडले की पाहुणे आईला विचारायचे, "अजून वाचतो का हा हे?" आई म्हणायची, "एकदा लग्न झालं की सुटेल." दारूबद्दल बोलतात तसं. मीही हसायचो. माझ्या डोक्यात त्या अंतराळयानाचे सगळे मजले, सगळ्या जिन्यांच्या वाटा पाठ होत्या, आणि त्याबद्दल बोलायला एक माणूस नव्हता.

मग नालासोपाऱ्याच्या एका रद्दीवाल्याकडे मला एक जुना अंक मिळाला. त्याच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मागच्या अंकात याचा डावा हात भाजला होता. इथे उजव्याला पट्टी कशी?' मी तो अंक विकत घेतला, घरी नेऊन त्याखाली लिहिलं, 'त्याच अंकात शेवटी तो आरशासमोर उभा आहे, चित्रकाराने ते चित्र बघून पुढचं काढलं असावं,' आणि पुढच्या आठवड्यात तो परत रद्दीत टाकला. महिन्याभराने उत्तर आलं. 'बरोबर. पण मग तलवार कमरेच्या कुठल्या बाजूला?' असं चार-पाच महिने चाललं. शेवटी रद्दीवालाच वैतागून म्हणाला, "अहो, तो मखरवाला रविवारी सकाळी येतो. तोंडाने बोला ना एकदा!"

तो माझा मित्र झाला. खाडीकाठच्या एका गावात त्याचं घर होतं. थोडी भातशेती, पूर्वी मिठागरावरचं काम, आणि गेली काही वर्षं तो पडवीत बसून गणपतीसाठी थर्माकोलची मखरं करायचा. तापलेल्या तारेने तो थर्माकोल असा कापायचा की कडेला एक दाणाही सुटत नसे. बोलताना 'ण'च्या जागी 'न' म्हणायचा, आणि मी सुरुवातीला त्याला त्यावरून चिडवायचो. तो म्हणायचा, "तुज्या कोकनात काय वेगळं बोलतात? तुम्ही शहरात आलात आनि मास्तर झालात." आमचं मूळ गाव कोकणातलं, तेव्हा चिडवणं तिथेच थांबायचं.

त्याच रद्दीत एका परदेशी मासिकात आम्हाला एक छायाचित्र सापडलं. प्रचंड सभागृह, आणि त्यात शेकडो माणसं वेष करून उभी. जाडी, टकली, म्हातारी, चष्मे लावलेली. राजकन्येच्या वेषातली एक बाई साठीची असेल. दोन राक्षस रांगेत उभं राहून काहीतरी खात होते. आम्ही दोघं ते चित्र किती वेळ बघत बसलो होतो. त्याने बोट ठेवलं ते एका कोपऱ्यावर. तिथे एक माणूस पुठ्ठ्याच्या चिलखतात उभा होता. चिलखत वाईट केलेलं होतं, खांद्याला वाकलेलं. पण शेजारचा माणूस त्याच्याकडे कौतुकाने बघत होता.

"कोन हसत नाय बघ," तो म्हणाला.

आम्हाला ओढ होती ती एवढ्याचीच, असं मला आजही वाटतं. लोक समजतात की वेष करणाऱ्याला दुसरा कुणीतरी व्हायचं असतं. मला तसं काही व्हायचं नव्हतं. मला वर्षातून एकदा, मी जसा होतोच, तसं दिसायचं होतं. माझ्या जातीची चार माणसं समोर असावीत आणि त्यांनी माझ्या कमरेची तलवार योग्य बाजूला आहे हे ओळखावं.

रद्दीवाल्याने अजून तिघांशी गाठ घालून दिली. त्यांत एक विज्ञानाचे शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. पितृपक्ष निवडण्याचं दुसरं कारण मित्राच्या धंद्यात होतं. विसर्जन झालं की लोक मखरं टाकून देतात. तो सायकलवर फिरून खांब, कमानी, प्रभावळी गोळा करायचा आणि पंधरा दिवसांत त्यांची चिलखतं व्हायची. देवाच्या मखराचा खांब मधोमध चिरला की नडगीवर बसतो. त्याची आई कुरकुरायची, "गनपतीचं सामान अंगावर चढवतात मेले." पण चहा तीच करायची.

पहिली दोन वर्षं आम्ही सुखी होतो, याहून वेगळा शब्द मला सापडत नाही. सकाळी कार्यालयात जायचं, खिडक्या लावून घ्यायच्या, वेष चढवायचे. मग जेवेपर्यंत एकमेकांना पात्राच्याच नावाने हाक मारायची. सर आपल्या कडक इस्त्रीच्या आवाजात ग्रहांच्या परिषदेचा ठराव वाचायचे आणि मित्र मधेच ओरडायचा, "महाराज, पावाला मस्का कमी आहे, युद्ध पुकारा!" बाहेर कावळ्यांना पान ठेवायला आलेली माणसं आमच्या बंद खिडक्यांकडे वळून बघायची.

तिसऱ्या वर्षी मी एका स्थानिक साप्ताहिकाच्या वार्ताहराला बोलावलं.

कुणाला न विचारता बोलावलं, हे आधी कबूल करतो. मला वाटलं, छापून आलं की घरच्यांना दाखवता येईल. आमच्या मालिकेतला सर्वांत लाडका यंत्रमानव त्या वर्षी मित्र करणार होता. तो बोलत नाही, थकत नाही, आणि शेवटच्या लढाईत तीनदा पडून तीनदा उठतो. सम्राट मी होतो. वेषाला कुठे बक्कल दिसू नये म्हणून त्याने रेक्झिनच्या जाकिटावर थर्माकोल चिकटवला होता, आणि पाठीमागची फट टेप आणि सोल्युशन लावून बंद करायची होती. ती मी बंद केली. डोक्यावरचं शिरस्त्राण मानेपाशी चिकटवलं तेही मीच. डोळ्यांच्या जागी मच्छरदाणीची जाळी होती. आतून हात घालून स्वतः काही काढता येईल अशी सोय नव्हती.

त्या दिवशी भादव्यातलं ऊन होतं. कार्यालयाचे बरेचसे पंखे व्यवस्थापकांनी उतरवून दुरुस्तीला दिले होते, कारण तुळशीच्या लग्नापर्यंत कुणी येणार नव्हतं. खिडक्या नेहमीप्रमाणे आम्हीच लावल्या होत्या. वार्ताहर दीड तास उशिरा आला. तोपर्यंत तो तसाच, चिकटवलेला, उभा होता. बसला असता तर नडग्या मोडल्या असत्या.

वार्ताहर आल्यावर लढाई सुरू केली. पहिल्यांदा तो ठरल्याप्रमाणे गुडघ्यावर आला. मी तलवार उगारून त्याच्यावर वाकलो, आणि तेव्हा आतून त्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट.

"पानी दे. डोकं फिरतंय."

मी म्हणालो, "दोन मिनिटं. फोटो होऊ दे."

हे माझे शब्द. कुणीही ऐकले नाहीत, कारण मी कुजबुजलो होतो. त्याने विनोद केला असं मला वाटलं नाही. तो भूमिका करतोय असंही वाटलं नाही. त्याला त्रास होतोय हे मला कळलं होतं. वार्ताहर कॅमेऱ्याचा फ्लॅश नीट करत होता, आणि तो निघून गेला तर परत येणार नाही हेही मला कळत होतं.

मित्र उठला. का उठला, ते मला आजवर समजलेलं नाही. दुसऱ्यांदा पडला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठलाच नाही. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. वार्ताहर म्हणाला, "वा, काय पडलाय!" त्याने तीन फोटो काढले. टाळ्या चालू असतानाच सरांना त्याचा पाय थरथरताना दिसला. ते ओरडले, "हे नाटकात नाहीये!" मी ब्लेडने पाठीची टेप कापू लागलो, पण सोल्युशनने ती सुटेना. शेवटी सरांनी थर्माकोल मुठींनी फोडला. आतलं अंग तव्यासारखं तापलेलं होतं आणि घामाचा एक थेंब नव्हता.

रिक्षेत तो आडवा मावेना म्हणून भाजीचा टेम्पो थांबवला. चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला. उष्माघात. डॉक्टरांनी सांगितलं की शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग दुखावलाय. पाय फाकवून चालेल, जीभ जड राहील, हात कापतील. किती सुधारेल ते सांगता येणार नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या आईने मला धरलं. लहानखुरी बाई, तिच्या बोटांत जोर होता.

"बाबा, त्याने काय सांगितलं नाय का रे? काय बोलला नाय?"

"नाही, काकी," मी म्हणालो. "काहीच बोलला नाही."

आणि त्यालाही तो दिवस आठवत नव्हता. सकाळी घरून निघाल्यानंतरचं सगळं पुसलं गेलं होतं. त्यामुळे त्या दिवशी काय घडलं याचा माझ्यापाशी एक शब्द होता आणि त्याच्यापाशी एकही नव्हता. मी सांगितलं तेच खरं ठरलं.

त्या खोट्याचं पुढे काय होईल, याचा मी विचार केला नव्हता. वाटलं होतं, एका आईचं दुःख जरा कमी होईल. प्रत्यक्षात ती त्याच्यावर चिडली. मी दर महिन्याला भेटायला जायचो. तो कापत्या हाताने चहाचा कप उचलायचा, बशीत सांडायचा, आणि ती म्हणायची, "तोंड नव्हतं का तुला? पानी मागायला लाज वाटली? खेळापायी मुक्यासारखा उभा राह्यलास!" शेजारीपाजारी त्याला विचारायचे, "काय रे रोबो, बॅटरी हाय का?" तो हसायचा. मला म्हणायचा, "मी येवडा येडा कसा झालो रे? तुला काय दिसलं नाय का, मी येडा झालोय ते?" आणि मी म्हणायचो, "सोड ना आता."

मखरं त्याने दोन वर्षं करून बघितली. तार थरथरली की कड वेडीवाकडी जाते. तिसऱ्या वर्षी पडवी रिकामी होती.

आमचा मेळावा पुन्हा झाला नाही. मी माझे गठ्ठे माळ्यावर टाकले. पण खरं सांगायचं तर ते वेड गेलं नाही, आणि याचीही मला लाज वाटते. मालिकेचा नवा भाग आला की मी बघायचो, आवाज बारीक करून. बघताना मनात पहिला विचार यायचा तो हाच, की हे त्याला सांगायला पाहिजे. सांगायला गेलो की त्याची आई चहा घेऊन यायची आणि पुन्हा तेच सुरू व्हायचं.

पाचेक वर्षं अशी गेली. माझं लग्न झालं. एकदा मी बायकोला हे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या मनावरचं ओझं तुम्ही बघताय. त्याला रोज बोलणी बसतात, ते कोण बघणार?" त्या रविवारी मी गेलो.

दुपार होती. तो पडवीत खाटेवर होता, काकी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर बोललो नसतो. त्याने काय म्हटलं ते सांगितलं, मी काय म्हटलं ते सांगितलं, आणि व्हरांड्यात काकींशी खोटं बोललो तेही.

काकींचा हात सुपात थांबला. त्या माझ्याकडे बघतील असं वाटलं होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"तू पानी मागितलंस?"

"मला काय म्हाईत," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. जड जिभेने, एकेक शब्द टाकत त्याने विचारलं, "किती येळा मागितलं?"

"एकदा. नीट. मला ऐकू आलं."

"म्हंजे मी येडा नव्हतो."

"नाही."

"बोललो व्हतो मी, आई," तो म्हणाला, आणि मग पुन्हा, मोठ्याने, जणू ती बहिरी आहे, "बोललो व्हतो!"

काकी रडल्या. इतकी वर्षं त्यांनी त्याला काय काय ऐकवलं होतं, ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर येत होतं. ते बघणं मला माझ्या कबुलीपेक्षा जड गेलं. माझ्या खोट्याने मी त्या बाईला पाच वर्षं तिच्याच मुलाशी निष्ठुर वागायला लावलं होतं. त्या उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "आता जा तू. जेवायला बस म्हननार नाय मी." त्याने मला थांबवलं नाही.

श्रावण लागल्यावर सरांचा फोन आला. ते अधूनमधून त्याला भेटायचे. म्हणाले, "त्याने बोलावलंय तुला. कशाला, ते सांगितलं नाही. रविवारी सकाळी ये म्हणाला."

मी गेलो तेव्हा पडवीत थर्माकोलच्या शीट उभ्या होत्या. तारेची चौकट मांडलेली होती. तो बाजूला खुर्चीत बसला होता. "बस," म्हणाला. मी तारेसमोर बसलो. "रेघ मी सांगतो. हात तुजा." एवढंच. त्या दिवशीच्या गोष्टीचा विषय त्याने काढला नाही, मालिकेचाही नाही. मी नकाशे काढणारा माणूस, रेघ मला कळते, पण थर्माकोल कापणं वेगळंच काम निघालं. पहिले चार खांब वाया गेले. तो खेकसायचा, "जोर लावू नको! तारेला कापू दे, तू कशाला कापतोस?" काकी आतून बाहेर आल्या नाहीत. चहाही आला नाही. दुपारी मी घरून आणलेला डबा तिथेच पडवीत एकटा खाल्ला.

तेव्हापासून श्रावणातले सगळे रविवार मी तिथे असतो. दुसऱ्या वर्षी चहा येऊ लागला. त्याने मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही, आणि उत्तराची भीतीही वाटते. काही रविवारी तो माझ्याशी चकार शब्द बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो. काही रविवारी पडवीत कुणी नसलं की एकदम विचारतो, "नव्या भागात यानाचा खालचा मजला दाखवला का रे?" मी दाखवला म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा तो मला पुढचा खांब कापायला सांगतो.

मागे एकदा नालासोपाऱ्याचं एक गिऱ्हाईक आलं, मखर सांगायला. बोलका माणूस. माझ्या चष्म्याकडे, ऑफिसच्या शर्टाकडे बघून त्याने मित्राला विचारलं, "हे कोण? कारागीर वाटत नाहीत. नातेवाईक काय?"

मित्र म्हणाला, "त्यालाच इचारा."

गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं. काकी दारात होत्या. काहीही सांगता आलं असतं. मित्र आहे, हौसेने येतो, असं काहीतरी.

"यांचे हात माझ्यामुळे गेले," मी म्हणालो. "यांनी मला पाणी मागितलं होतं, मी दिलं नाही. म्हणून येतो."

तो माणूस आधी हसला, मग कुणीच हसत नाही हे बघून थांबला. त्याने मित्राकडे बघितलं. मित्राने खुर्चीच्या हाताला धरून आपली थरथर आवरली आणि विचारलं, "सोनेरी कागद लावायचा का चंदेरी, ते सांगा."

"सोनेरी," तो म्हणाला.